शाळेंतील बाई आणि पहिले तीन महिने

सरकारी दप्तरांत गर्भारपण सातव्या-आठव्या महिन्यापासून सुरू होतें, असें म्हटलें तर वाचकांस तो विनोद वाटेल. परंतु शिक्षिकांच्या नोकरीचा दीडशें वर्षांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे या विनोदांतील बराचसा भाग शब्दशः खरा असल्याचें दिसून येतें. कमिशनांचे अहवाल, कायद्यांचीं कलमें, रजेचे नियम, सेवापुस्तकें हीं सर्व प्रसूतीच्या दिवसावरून मागें मोजीत येतात आणि कांहीं आठवडे मागें आलीं कीं थांबतात. त्याच्याहि मागें जे तीन महिने असतात, ज्यांत फार वेळ उभें राहवत नाहीं, अन्नाचा वास सोसवत नाहीं आणि हातीं आलेलें निसटून जाण्याची भीति सर्वांत अधिक असते, त्यांची नोंद क्वचितच सांपडते.

वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर तालुक्यांत प्राथमिक शाळांवर सारी नोकरी करून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरीं मी एकदां बसलें होतें. आपल्या रजेच्या अर्जांच्या नकला त्यांनीं एका पत्र्याच्या पेटींत जपून ठेविल्या होत्या. त्यांतला एक अर्ज ऐन थंडींतला, आठ दिवसांचा. कारण म्हणून 'ताप' एवढाच शब्द. "बाई, हा ताप कसला?" मीं सहज विचारलें. त्या थोड्या हंसल्या. "तो ताप नव्हता हो. मला दिवस गेले होते. अडीच महिने झाले आणि वर्गांतच पोटांत दुखूं लागलें. दुसऱ्या दिवशीं सगळें संपलें." अशा प्रसंगीं निराळी रजा मिळते हें आपणांस ठाऊक नव्हतें काय, असें विचारतां त्या म्हणाल्या, "ठाऊक होतें. पण आहे असें सांगितलेंच नव्हतें, तर गेलें असें कसें सांगायचें? आणि सांगायचें कोणाला? हेडमास्तर माझ्या वडिलांच्या वयाचे."

प्रस्तुत लेख त्या 'ताप' या शब्दापासून सुरू झाला.

या गुप्ततेचा सारा दोष दप्तराच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. आपल्या घरांतूनहि हे तीन महिने झांकलेलेच असतात. पाळी चुकल्याचें वर्तमान प्रथम आईच्या किंवा सासूच्या कानीं जातें आणि तेथेंच थांबतें. तिसऱ्या महिन्यांत जी चोरचोळी होते तिच्या नांवांतच तिचें मर्म आहे : खण-नारळ आहे, ओटी आहे, पण आळींतल्या बायकांस बोलावणें नाहीं. डोहाळजेवणाचा गाजावाजा पुढें, पोट दिसूं लागल्यावर. दृष्ट लागूं नये हें या रीतीचें एक कारण. राहिलें नाहीं तर गांवभर सांगत बसावें लागूं नये, हें दुसरें आणि मला वाटतें अधिक समंजस कारण. सुश्रुतसंहितेंतहि चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होऊन स्त्री दोन हृदयांची होते असें म्हटलें आहे, आणि आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच कुळांतला आहे. तथापि त्याच ग्रंथांत पहिल्या तीन महिन्यांत गोड, थंड आणि पातळ असा आहार द्यावा असेंहि सांगितलें आहे. म्हणजे वैद्यास ते महिने दिसत होते. समंजस सासूलाहि दिसत. ती कांहीं न बोलतां चुलीपुढची जागा स्वतः घेई आणि सुनेच्या हातचा हंडा काढून घेई. सगळ्याच सासवा अशा होत्या असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु घरांत गुप्ततेचा आडोसा तरी होऊं शके. वर्गांत, साठ डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रीस मात्र तीच गुप्तता एकटी पाडते.

ही वर्गांत उभी राहणारी स्त्री आली कोठून, हें पाहिल्यावांचून पुढचें कांहींच उलगडत नाहीं.

१८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली तेव्हां सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. त्यांस स्वतःचें मूल झालें नाहीं. पण गर्भारपणाच्या प्रश्नापासून ही आपली आद्य शिक्षिका दूर राहिली असें मुळींच नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, मूल तेथें ठेवून जावें, अशी ती सोय होती. तेथें जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास, यशवंतास, या दांपत्यानें पुढें दत्तक घेतलें. त्या काळीं विधवेचें गर्भारपण हा केवळ लाजेचा विषय नव्हता, तो जीवन-मरणाचा होता. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा सुरू झाली तिला उत्तर म्हणून वऱ्हाडांतल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा आपला निबंध प्रसिद्ध केला.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें कीं, ज्या विधवेच्या देहाकडे समाज इतक्या संशयानें पाहत होता, तिलाच नेमकी त्याच सुमारास शिक्षिका करण्याचें चाललें होतें. १८६६ सालीं मेरी कार्पेंटर ही इंग्रज बाई हिंदुस्थानांत आली. मुलींच्या शाळा चालवावयाच्या तर स्त्रीशिक्षक तयार करणाऱ्या शाळा आधीं निघाल्या पाहिजेत, असा तिनें सरकारापाशीं आग्रह धरला. पुण्याचें फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० सालचें. कॉलेज निघालें, पण त्यांत येणार कोण? मुलगी न्हाणवलीपासून दूर असतांनाच तिचें लग्न होई, आणि सासरची सून परगांवीं शिकावयास कोण धाडणार? १८८२ सालीं नेमलेल्या हंटर कमिशननें आपल्या अहवालांत या कोड्याचें उत्तर दोन प्रकारांनीं दिलें : शाळामास्तरांच्या बायकांस उत्तेजन देऊन शिक्षिका करावें, आणि योग्य अशा विधवांस काळजीपूर्वक तयार करावें. मास्तराची बायको आणि विधवा! आमच्या शिक्षिकांच्या पिढ्यांचा उगम या दोन शब्दांत आहे.

त्याच कमिशनपुढें पंडिता रमाबाईंची साक्ष पुण्यास झाली. त्यांची मनोरमा त्या वेळीं दीड वर्षाची होती आणि पति बिपिनबिहारी मेधावी वारल्यास सात-आठच महिने झाले होते. शिक्षिकांस पुरुषांहून अधिक वेतन द्यावें, मुलींच्या शाळांवर देखरेखीस स्त्रिया असाव्यात, आणि स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर तयार करावेत, असें त्यांनीं सांगितलें. पुरुष तपासनीस राईएवढी चूक पर्वताएवढी करून शिक्षिकेस बदनाम करतात, अशी त्यांची तक्रार होती. या मागण्या एरवीं वेगवेगळ्या वाटतात. मंगरूळपीरच्या बाईंची हकीकत ऐकल्यावर मला मात्र त्या एकाच धाग्यांत ओवलेल्या दिसूं लागल्या. जिला आपल्या शरीराची गोष्ट सांगावयाची आहे, तिला ऐकणारें कोणी हवें, आणि ऐकल्यावर तिचें नुकसान न होण्याची हमी हवी.

पुढचा इतिहास सर्वांस परिचित आहे. तो मी लांबवीत नाहीं. १८८९ सालीं शारदा सदन, १८९६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन. या संस्थांतून निघालेल्या विधवांनीं गांवोगांवच्या कन्याशाळा चालविल्या. त्यांचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यामुळें नकळत एक गोष्ट घडली, असें माझें मत आहे. शिक्षिका म्हणजे संसारमुक्त स्त्री, अशी एक प्रतिमा समाजाच्या आणि खात्याच्या मनांत घट्ट बसली. जिला मूल होणार नाहीं अशाच देहाकडे पाहून नोकरीच्या अपेक्षा घडल्या : वेळेवर यावें, दिवसभर उभें राहावें, कोणाकडे कांहीं मागूं नये. अपवाद होते. अमरावतीस संसार मांडलेल्या ताराबाई मोडक या आई होत्या आणि थोर शिक्षणतज्ज्ञहि झाल्या. पण त्यांनीं १९२१ सालीं राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजाची जागा पतकरली ती संसार तुटल्यावर. लग्न, गर्भ आणि वर्ग हीं तिन्ही एकाच वेळीं सांभाळणारी स्त्री त्या काळच्या चित्रांत फार मागें, बहुधा मास्तराच्या बायकोच्या रूपानें, उभी आहे, आणि तिच्याविषयीं कोणी लिहिलें नाहीं.

वाशीमकडे ही स्त्री मोठ्या संख्येनें आली ती बऱ्याच उशिरां. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणून या गांवाचा लौकिक प्राचीन. पण इंग्रजी अमदानींत त्याच्या नशिबीं फिरतें दप्तर आलें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आला. वाशीम हा कांहीं वर्षें स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ सालीं मोडून अकोल्यास जोडला गेला. पुन्हां जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. प्राथमिक शाळांचा कारभारहि असाच एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला : आधीं डिस्ट्रिक्ट कौन्सिल, १९४८ नंतर जनपद सभा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेच्या काळांतच सासर-माहेर दोन्ही असलेली तरुण मुलगी अध्यापनाची पदविका घेऊन रिसोड-मालेगांवकडच्या किंवा मानोऱ्याच्या डोंगराळ भागांतल्या खेड्यावर रुजूं होऊं लागली. तिचें पहिलें गर्भारपण आणि तिची पहिली नेमणूक हीं साधारण एकाच वयांत येत. नवी नोकरी, गांव परकें, राहण्यास एखादी खोली, आणि नवरा दुसऱ्या तालुक्यांत.

तिच्यासाठीं रजा तयार होती काय? होती, पण ती रजा ज्या कायद्यांच्या विचारांतून आली ते कायदे तिच्यासाठीं झालेलेच नव्हते. ते गिरणींतल्या बाईसाठीं झाले. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतीपूर्वीं सहा व नंतर सहा आठवडे अशी मर्यादा सुचविली. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणलें, तें पार पडलें नाहीं. मुंबई कौन्सिलांत १९२८ सालीं अशाच बिलाच्या बाजूनें डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ सालीं मुंबई इलाख्याचा मातृत्व-लाभाचा कायदा झाला. १९३० सालीं मध्यप्रांतानेंहि तसा कायदा केला. या सर्वांचा रोख एकच होता. सांच्यापाशीं बारा-बारा तास उभी राहणारी स्त्री प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर येई. तिला त्या शेवटच्या आठवड्यांत घरीं बसतां यावें. रोख योग्यच होता. पुढें १९६१ सालीं सबंध देशासाठीं बारा आठवड्यांचा कायदा झाला, त्यांतले प्रसूतीपूर्वींचे सहाहून अधिक नसावेत असें ठरलें. २०१७ सालीं बाराचे सव्वीस झाले आणि पूर्वींच्या सहांचे आठ. शिक्षिकांच्या रजेचे नियम सेवाशर्तींतून आले. महाराष्ट्र सरकारच्या १९८१ सालच्या रजा-नियमांत नव्वद दिवस होते, ते नंतर एकशें ऐंशीं झाले. आंकडा दर खेपेस वाढला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मोजणीची दिशा बदलली नाहीं. ती प्रसूतीच्या दिवसापासूनच चालते.

या मोजणींत एक चमत्कारिक गोष्ट आहे, ती माझ्या ध्यानांत उशिरां आली. गर्भ राहिला आणि वाढत गेला, तर पहिल्या तीन महिन्यांस नियमांत स्वतःचें असें नांव नाहीं. गर्भ गेला, तर मात्र वैद्यकीय दाखल्यावर सुमारें सहा आठवड्यांची रजा मिळते. १९६१ च्या कायद्यानेंहि ती दिली. गर्भारपणामुळें उद्भवलेल्या आजारासाठीं त्याच कायद्यांत एक महिन्याची ज्यादा रजा होती, पण त्यालाहि पुरावा हवा. म्हणजे तो काळ नाजूक आहे हें नियमांस ठाऊक आहे. तें ते बहुधा नुकसान झाल्यावर मान्य करतात.

परदेशांतली कथा निराळी आहे, आणि ती वाचून आपलें कांहीं अंशीं समाधान व्हावें. इंग्लंडांत अनेक ठिकाणीं शिक्षिकेचें लग्न झालें कीं नोकरी संपे; हा निर्बंध तेथें १९४४ च्या शिक्षण कायद्यानें उठला. न्यूयॉर्क शहरांत १९१३ सालीं ब्रिजेट पिक्सोटो या शिक्षिकेस बाळंतपणासाठीं गैरहजर राहिल्याबद्दल 'कर्तव्यांत कसूर' असा ठपका ठेवून काढून टाकलें. ती लढली आणि १९१५ सालीं कामावर परत आली. ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड येथें तर प्रसूतीच्या पांच महिने आधीं शिक्षिकेनें घरीं बसलेंच पाहिजे, असा सक्तीचा नियम होता. वर्गांतलीं मुलें खुदखुदूं लागतील ही एक भीति त्यामागें होती, असें न्यायालयापुढें आलें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७४ सालीं तो रद्द केला. आमच्याकडे लग्न झालेल्या शिक्षिकेस असें सरसहा हांकलून देण्याचा प्रघात पडला नाहीं, हें खरें. पण क्लीव्हलंडच्या नियमाकडे नीट पाहावें : तेथेंहि नियमाचा डोळा पोट दिसूं लागण्यावर होता. जोंपर्यंत दिसत नाहीं तोंपर्यंत बाईनें हवें तितकें ओकावें आणि हवें तितकें शिकवावें, कोणाचें कांहीं म्हणणें नव्हतें.

आतां त्या न दिसणाऱ्या तीन महिन्यांत शाळेंत होतें काय, तें पाहूं. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या-दहाव्यांत तिचा जोर असतो, आणि चौथ्या महिन्यांत ती पुष्कळ जणींस सोडून जाते. तिला सकाळची मळमळ म्हणतात, पण ती घड्याळ पाळीत नाहीं. झोंप अनावर होते. लघवीस वारंवार जावें लागतें, आणि खेड्यांतल्या शाळेंत स्त्रियांसाठीं चांगला आडोसा असणें ही गोष्ट पुष्कळ वर्षें अपवादाचीच होती. गर्भपात बहुतांशीं पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. त्यांतले पुष्कळसे गर्भाच्या मुळांतल्या दोषामुळें होतात व आईच्या उभें राहण्याचा त्यांत अपराध नसतो, हें वैद्यक आज सांगतें. पण ज्या बाईचा गर्भ वर्गांत असतांना जातो तिला हें कोणी वेळेवर सांगत नाहीं, आणि मग ती आयुष्यभर त्या दिवशींच्या फळ्याला व खडूला दोष देत राहते.

शाळेचें स्वतःचेंहि कांहीं असतेंच. २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर शाळाशाळांतून मुलांस शिजवलेलें अन्न मिळूं लागलें, हें फार मोठें काम झालें. पण खिचडीची फोडणी वर्गाच्या भिंतीपलीकडे पडते, आणि मुलांस वाढण्यापूर्वीं शिक्षकानें तें अन्न चाखून पाहावें असा दंडक आहे. दोन महिन्यांच्या गर्भिणीस तो घांस काय पडत असेल, तें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांनाच कळेल. त्यांतून शाळा दोन शिक्षकी. २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले. एक बाई घरीं राहिल्या तर दुसऱ्यानें सगळे वर्ग एका ओसरींत बसवावयाचे. रजा मागतांना बाईच्या डोळ्यांपुढें नियमापेक्षां हा सहकारी आधीं येतो. कित्येक ठिकाणीं मोठे गुरुजी न सांगतां समजतात, पहिलीचा वर्ग स्वतःकडे घेतात आणि बाईंस खुर्ची देऊन वह्या तपासावयास बसवितात. असें झालें तर ती चांगल्या सासूचीच रीत, शाळेंत आलेली.

आणखी एक धोका आहे, तो लहान मुलांतूनच येतो. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षांत आलें कीं, त्यांच्याकडे येणाऱ्या जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अर्भकांच्या मातांस गर्भारपणाच्या आरंभीं जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता. मुलांस दोन दिवस पुरळ येऊन जाणारा हा किरकोळ आजार पहिल्या बारा आठवड्यांत आईस झाला तर गर्भाचे डोळे, कान व हृदय यांस कायमचा अपाय करतो. लहान मुलांच्या गराड्यांत दिवस काढणाऱ्या शिक्षिकेहून त्याच्या अधिक जवळ कोण असणार? महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळांतूनच झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस टोंचलें. पालकांच्या शंका ऐकणें, याद्या करणें, रडणाऱ्या पोरांस धरणें हीं कामें शिक्षिकांनींच केलीं. त्या मोहिमेनें बाईंच्याहि गर्भाचें रक्षण होणार होतें, ही गोष्ट त्या गडबडींत फारशी कोणाच्या ध्यानांत आली नसावी.

मग बाईंनीं सरळ सांगून कां टाकूं नये, असें कोणी विचारील. सांगणें म्हणजे काय होऊं शकतें, याचें एक उदाहरण शाळेबाहेरचें आहे, पण बोलकें आहे. आयुर्विमा महामंडळानें नोकरीस घेतांना स्त्रियांकडून एक जाहीरनामा भरून घेण्याची पद्धत ठेविली होती : शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, सध्यां दिवस आहेत काय, पूर्वीं किती वेळां गर्भ राहिला, गेला काय. नीरा माथुर यांस १९८९ सालीं नोकरी मिळाली. बाळंतपणाची रजा घेतल्यावर, पाळीची तारीख खोटी दिली असें म्हणून उमेदवारीच्या काळांतच त्यांस काढून टाकलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं त्यांस कामावर परत घेण्याचा हुकूम दिला आणि असले प्रश्न स्त्रीच्या लज्जेस व स्वाभिमानास धक्का देणारे आहेत, ते जाहीरनाम्यांतून काढावेत, असें बजावलें. निकाल न्यायाचा आहे. त्यानें झांकून ठेवण्याचा स्त्रीचा अधिकार मान्य केला. पण मंगरूळपीरच्या बाईंची अडचण याच्या उलट टोंकाची होती. त्यांस झांकून ठेवावयाचेंहि होतें आणि चार दिवस निजावयाचेंहि होतें. या दोन्ही गोष्टी एकत्र देणारा अर्जाचा नमुना अजून माझ्या पाहण्यांत नाहीं.

त्या दिवशीं निघतांना त्यांनीं पेटी पुन्हां उघडली आणि अर्ज एकेक करून बोटानें मोजून दाखविले. सबंध नोकरींत 'ताप' म्हणून घेतलेल्या रजा पांच होत्या. दोन मुलांच्या वेळच्या दोन, मळमळीनें उठवेना म्हणून; एक त्या थंडींतली; एक नणंदेच्या लग्नाची, ती सांगतांना त्यांस फार हंसूं आलें. खरा ताप एकच, तो हिंवतापाचा, आणि त्याच अर्जावर साहेबांनीं 'वैद्यकीय दाखला जोडावा' असा शेरा मारलेला होता.